तान्हाबाचं दार

लई वर्सांमागं, आपल्या पणज्याच्या बी आधीची गोष्ट. ह्या टेकावर पाद्रीबाबाचा बंगला व्हता. काळ्या दगडाचा, आन् त्याला सागाचं दार आसं भक्कम, की उचलायला चार गडी लागायचे.

बंगल्यात तान्हाबा साळवे रांधायचा. डोकं लई गरम. भाकरी करपली तर भाकरीलाच शिव्या द्यायचा. पाद्रीबाबा मरताना त्याचा हात धरून म्हनाला, "तान्हाबा, दारात आलेला मानूस माघारी धाडू नको." तान्हाबा म्हनाला, "न्हाई धाडनार." झालं. एकदा म्हनाला म्हंजे म्हनाला.

त्याच पावसाळ्यात पटकीचा रोग आला. नदीपल्याडची वाडी सगळी आडवी झाली. पानी द्यायला बी कुनी उभं राहीना. तवा मिशनचा मोठा साहेब घोड्यावर आला, हातात नारळायेवढं कुलूप घेऊन.

"बंगला बंद कर. रोगी आत आला तर घर जाळावं लागेल."

"कुलूप घालायचं?"

"आत्ताच."

"कशाला घालनार, साहेब?"

"दाराला! खुळा आहेस का?"

तान्हाबानं पहार आनली. बिजागऱ्या उचकटल्या. चार गड्यांचं दार एकट्यानं डोक्यावर घेतलं, आसं म्हनत्यात. "घाला आता," म्हनाला, आन् उतार धरून नदीकडं निघाला. साहेब कुलूप हातात धरून तसाच उभा.

नदी दुथडी भरलेली. त्यानं दार पान्यात लोटलं. बायको रखमा काठावरनं वरडली, "आवो, पोहाया येतं का तुमाला?"

"मला न्हाई येत. दाराला येतंय!"

हसू नका. नदीनं त्या दाराला वाट दिली, आसं म्हनत्यात. येताना दारावर चार-चार रोगी निजवलेले, आन् ह्यो छातीभर पान्यात मागनं ढकलत. काठावरनं परत दार डोक्यावर, मानसांसकट. सात दिस आसंच चाललं. हरेक खेपंला दार हलकं व्हायचं. रखमा पेज शिजवायची, मीठ घालून घोट-घोट पाजायची. लई जगले. काही मेले. पन जे मेले ते आत मेले, दारात न्हाई.

सातव्या दिशी पल्याडची शेवटची म्हातारी आत नेऊन ठेवली, आन् तान्हाबा बाहेर येऊन दारावर आडवा झाला. उठला न्हाई. त्याला बी पटकीनं धरलं व्हतं. दोन दिस लपवलं, कळू दिलं न्हाई बेट्यानं.

मातीला न्यायचं तर दार हलंना. चार गडी लागले, दहा लागले. जिमिनीला चिकटल्यागत. मंग रखमा त्याच्या कानाशी वाकली. "आवो, पल्याड कुनी राहिलं न्हाई आता. मी मोजून आले. चला." तसं दार कागदागत उचललं, आसं म्हनत्यात. एका कोपऱ्याला खांदा साहेबाचा व्हता. कुलूप त्यानं नदीत टाकलं.

पुढं मिशन गेलं, बंगल्यात वटवाघळं आली. मंग गावानंच कंबर कसली, कौलं शाकारली, खोल्या केल्या. आता पुन्या-मुंबईची मानसं सुट्टीला येऊन राहत्यात. खोल्यांना दारं हायेत, पंखे हायेत, गरम पानी हाये. म्होरल्या चौकटीला मात्र दार न्हाई. एका इंजिनेरानं बसवलं व्हतं. सकाळी अंगनात पडलेलं घावलं. वाऱ्यानं पडलं म्हना, न्हाईतर आमच्या बापानं पाडलं म्हना. परत कुनी बसवलं न्हाई.

आन् तान्हाबाचं दार? वसरीत हाये. चार दगडी खांबुल्यांवर आडवं ठेवलंय, पाहुने त्याच्यावरच जेवत्यात. मधोमध कडी आजून तशीच हाये, वाटी ठेवली की कलंडती.

पन गावात कुनी आजारी पडलं, चिखलानं गाडी वाडीत पोचत नसली, की टेकाखालनं हाळी येती, "ताटं उचला!" पाहुना कलेक्टर आसला तरी ताट उचलायचं. तिघं दाराला खांदा द्यायला म्होरं येत्यात. नवखा पाहुना इचारतो, "आम्ही कुठं बसायचं?"

आचारी म्हनतो, "बसताय कशाला? त्या कोपऱ्याला एक खांदा कमी हाये."

आन् ताट खाली ठेवून मानूस उठतो. आजवर एक बी बसून राहिलेला न्हाई.