हिरड्याचे वन आणि दोन आसनांवरचा अमात्य

पूर्वी वेत्रवती नावाच्या नगरात अरिमर्दन राजाची सत्ता होती. तेव्हा बोधिसत्त्व अमात्यकुळात जन्मले आणि वयात आल्यावर राजाचे दानाध्यक्ष झाले. त्यांचे नाव यशोमित्र. राजाने गाय द्यायची म्हटले काय किंवा गाव द्यायचे म्हटले काय, यशोमित्रांच्या नजरेखालून गेल्याशिवाय ते कोणाच्या पदरात पडत नसे. लाच घेऊन येणारे त्यांच्या दारातून आल्या पावली परत जात. असा माणूस एखाद्या नगराच्या नशिबीच असावा लागतो.

नगराच्या उत्तरेला हिरड्याचे वन होते. ते कोणा एकाचे नव्हते. पणजोबांच्या काळी घरटी एकेक रोप लावून लोकांनी ते वाढवले होते, आणि फळ पडू लागले की वैद्य, चांभार, रंगारी, ज्याला लागेल तो टोपली घेऊन जाई. हिरड्याच्या पाण्यातून काढल्याशिवाय कापडावर रंग धरत नाही आणि कातडे कमावता येत नाही, हे तिथे पोरासोरांनाही ठाऊक होते.

त्याच नगरात नंदगुप्त श्रेष्ठींनी करुणाशाळा काढली होती. तिथे अनाथ आजाऱ्यांना औषध मिळे, अंथरूण मिळे. शाळेचे पाच विश्वस्त होते आणि पहिले आसन यशोमित्रांचे होते. नुसते मिरवायचे आसन नव्हते ते. दहा वर्षे त्यांनी स्वतःच्या हाताने तिथे काढे उकळले होते. मागच्या अतिसाराच्या साथीत शाळेतला हिरडा संपला आणि अकरा माणसे औषधावाचून गेली. ती अकरा माणसे यशोमित्रांच्या मनातून जात नव्हती.

म्हणून नंदगुप्तांनी राजाकडे सगळे वनच शाळेसाठी मागितले, तेव्हा यशोमित्रांना मनापासून आनंद झाला. राजानेही लगेच होकार दिला. पुण्याच्या कामाला नाही कोण म्हणतो?

त्या नगरात एक रीत होती. दान देण्याआधी दानाध्यक्षाने तीन दिवस वेशीत बसायचे. ज्याची हरकत असेल त्याने त्या जमिनीची मूठभर माती त्याच्यापुढे ठेवायची. माती ठेवली की गाऱ्हाणे ऐकून निकाल होईपर्यंत दान थांबे.

दोन दिवस कोणी आले नाही. तिसऱ्या दिवशी सामा नावाची रंगारीण आली. कोपरापर्यंत हात निळे, अंगाने काटक. तिने माती ठेवली आणि यशोमित्रांच्या तोंडाकडे पाहतच राहिली.

"बाई, बोला," यशोमित्र म्हणाले.

"काय बोलू, अमात्य? काल शाळेत गेले होते. म्हटलं, वन तुम्ही घेतलंत तर आमची साठ घरं कशात कापड बुडवणार? तिथले म्हणाले, आमच्या थोरल्या विश्वस्तांना सांग, ते उद्या वेशीत भेटतील. आज इथं आले, तर दान देणारेही तुम्हीच. आता माझं ऐकणार कोण?"

यशोमित्र शांतपणे म्हणाले, "मीच ऐकणार. सांगा."

सामा सांगू लागली. यशोमित्र ऐकत होते, मान डोलावत होते. मध्येच त्यांना जाणवले की आपले उत्तर केव्हाच तयार आहे. रंगाऱ्यांना दुसरीकडून हिरडा आणता येईल, आजाऱ्यांना थांबता येत नाही, असे ते उत्तर होते. ते चांगले होते, दयेचे होते, आणि बाईचे बोलणे अर्धेही झाले नव्हते. इतक्या वर्षांत सोन्याने जे साधले नव्हते ते करुणेने साधले होते. त्यांचा कान विकला गेला होता.

ते आसनावरून उठले. "बाई, तुमची माती खरी आहे. ती ऐकायला मी योग्य नाही. माझ्याबरोबर चला," असे म्हणून ते तिला घेऊन राजसभेत गेले.

नंदगुप्त तिथेच होते. हकीकत ऐकून ते म्हणाले, "अमात्य, हात दाखवून अवलक्षण कशाला? दानाचे उदक तुम्ही सोडा, शाळेच्या वतीने ते मी माझ्या हातावर घेतो. मग तर झाले?"

"श्रेष्ठी, हात बदलेल. माझे मन शाळेतच राहील."

राजा हसला. "यशोमित्रा, तुझ्यावर या नगरात कोण संशय घेणार?"

"महाराज, भीती तीच आहे. संशय कोणी घेणार नाही, म्हणून विचारणारही कोणी नाही. कुंपण चांगले आहे म्हणून ते शेत खात नाही, असे आज मला स्वतःबद्दल सांगता येत नाही. दोन आसनांपैकी एक मी सोडलेच पाहिजे. शाळा माझ्याने सुटणार नाही. हे पद परत घ्या, आणि या बाईचे गाऱ्हाणे दुसऱ्या कोणाला तरी ऐकू द्या."

ज्या पदासाठी लोक जन्मभर उंबरे झिजवतात, ते त्यांनी असे भर सभेत खाली ठेवले. सभेतल्या कित्येकांचे डोळे भरून आले. नंदगुप्तांनी मान खाली घातली.

राजाने पुष्कर नावाच्या वृद्ध अमात्याला दानाध्यक्ष नेमले. पुष्करांनी साठही घरे फिरून पाहिली, शाळाही पाहिली आणि निकाल दिला. वन नगराचे होते, ते नगराचेच राहील. हंगामाचे पहिले दहा दिवस फळ आजाऱ्यांसाठी वेचावे, पुढे ज्याला लागेल त्याने न्यावे. शाळेने मागितले होते त्याच्या मानाने हे फारच थोडे होते. तरी यशोमित्रांनी निकाल मान्य केला.

त्या हिवाळ्यात दहा दिवसांचा हिरडा शाळेला पुरला नाही. अकराव्या दिवशी यशोमित्र टोपली घेऊन वनात गेले आणि लोकांच्या रांगेत उभे राहिले. पुढे सामा होती. ती बाजूला सरली, पण ते पुढे गेले नाहीत.

"कमी पडतंय ना?" तिने विचारले.

"पडते आहे."

"मग माती ठेवा की पुष्करांपुढं. आता ऐकायला माणूस आहे."

यशोमित्र खळखळून हसले. पुढच्या वर्षी त्यांनी तसेच केले, आणि दहाचे पंधरा दिवस झाले. त्या वाढीव पाच दिवसांना संमती देणाऱ्यांत सामाचा निळा हात पहिला वर झाला.

एवढे सांगून भगवान शास्ते विहारातल्या भिक्खूंना म्हणाले, "तेव्हाची सामा म्हणजे आज मागे बसलेली थेरी, ती ज्येष्ठ भिक्खुणी. पुष्कर म्हणजे वृद्ध भिक्खू कोंडधान. नंदगुप्त म्हणजे आज सकाळी आपल्या गावची आमराई विहाराला देऊ करणारा तो भला गावप्रमुख. आणि आपल्याच करुणेला भुललेला अमात्य म्हणजे मी. आपल्या आवडीच्या माणसाला आणि परक्याला एकाच कानाने ऐकणे, आणि ते जमत नसेल तर आसनावरून उठणे, ही उपेक्खा पारमिता, समभावाची परिपूर्णता होय."

आमराई स्वीकारायला सकाळपासून आतुर असलेल्या भिक्खूंपैकी एक जण उठला आणि त्या आमराईत आंबे वेचणाऱ्यांची घरे कुठे आहेत ते विचारायला गावात गेला.