बुरसटलेला तांबट

एका डोंगराच्या पायथ्याशी तांबटांचे गाव होते. भांडी उजळायला ते ती तेजाबात बुडवत आणि उरलेले पाणी ओढ्यात सोडून देत. हळूहळू ओढा हिरवानिळा झाला. मासे मेले. खालच्या वाडीची गुरे पाण्याला तोंड लावीनात.

अखेर राजाचा निरोप आला, "होळीपर्यंत ओढ्यात मासा जगला नाही, तर सगळ्या भट्ट्या विझवा."

एका म्हाताऱ्या तांबटाने तर अन्नच टाकले. भट्टीवाचून त्याला दुसरे काही येत नव्हते. एके सकाळी त्याला दिसले, की मोरीपाशी पडलेल्या कुजक्या पेंढ्यावर पांढरी बुरशी चढली आहे आणि त्यातून झिरपणारे तेजाबाचे पाणी नितळ आहे.

'भास असेल,' तो मनाशी म्हणाला. तरीही त्याने पाट्यांत पेंढा भरला, त्यात ती बुरशी कालवली आणि गावाचे पाणी ओढ्याला मिळे, तिथे पाट्या आडव्या रचल्या.

भांड्यावर डाग दिसला की चिंच घेऊन धावणारी माणसे ती. त्यांना बुरशीची किळस. शेजारी म्हणाला, "काका, तुम्ही बुरसटलात ते बुरसटलात, आता ओढाही बुरसटवता का?"

"चुकतही असेन बाबा. पण पाट्यांना हात लावू नकोस."

पाऊस पडून गेला. पाट्यांवर टपोरी अळंबी उगवली, आणि ओढ्याचा तळ दिसू लागला. गाव म्हाताऱ्याशी गोड बोलू लागले. शेजारीण परडी घेऊन आली.

"काका, झालं गेलं विसरा. कालवणापुरती अळंबी द्या."

आता कुठे लोक चार शब्द बरे बोलू लागले होते. तरी तो आडवा उभा राहिला.

"सूनबाई, हिच्या पोटात आपलंच विष आहे."

"मग द्या ओढ्यात सोडून."

"मग बाहेर काढलं कशाला?"

ती फणकाऱ्याने निघून गेली. म्हाताऱ्याने एकट्यानेच सगळी अळंबी, पेंढ्यासकट, वाळवली आणि भट्टीत घातली. राख मुशीत आटवली, तर तळाशी तांबडा गोळा चमकला. त्याची त्याने लहानशी घंटा घडवली.

होळीला राजाच्या माणसाने ओढ्यात मासा सोडला. मासा क्षणभर थबकला, मग शेपटी हलवून सरळ वर पोहत गेला. वाडीची गुरे पाण्यात उतरली. शेजाऱ्याने स्वतः ती घंटा ओढ्याच्या उतारावरच्या झाडाला टांगली आणि पहिला टोल म्हाताऱ्याला द्यायला लावला. त्या दिवशी एकही भट्टी विझली नाही.

अजूनही त्या गावात मुलाने पहिले भांडे घडवले, की थोरली माणसे त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणतात, "चांगला बुरसट हो."

तात्पर्य इतकेच: आपण केलेली घाण दुसरीकडे ढकलू नये, शेवटपर्यंत निस्तरावी, आणि त्या कामी बुरशीची मदत झाली, तर तिलाही मान द्यावा.