शीतसराच्या वाटेवरचा नेम

फार पूर्वी कंकपुरात यशपाल राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व हिमवंताच्या पायथ्याशी वाटाड्यांच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव अनोम. दर ज्येष्ठात बर्फ वितळू लागले की तो यात्रेकरूंची तुकडी घेऊन शीतसर नावाच्या तळ्याकडे निघे. सात दिवसांची उभी चढण होती आणि वर श्वास पुरत नसे. तरी तिथे स्नान केले की नवस फिटतो, या श्रद्धेने लोक येत.

या यात्रेचा एक नेम होता. पायथ्याच्या शिळेवर हात ठेवून प्रत्येकाने शपथ घ्यायची की वाटेत देहाची तक्रार करणार नाही. एकाने जरी 'दुखते' म्हटले तरी सगळ्या तुकडीचे पुण्य जाते, असे मानत. त्यामुळे रोज सकाळी अनोमने विचारले की सगळे एका सुरात 'क्षेम आहे' म्हणत. लोकांना हा नेम फार आवडे. ज्याने माणसे सांभाळायची त्यालाच माणसांचे खरे कळू नये, अशी ही छान सोय होती! अनोमला वडिलांनी एवढेच शिकवले होते की तोंडाकडे पाहू नकोस, हातापायांकडे पाहा.

त्या वर्षी तुकडीत अकरा जण होते. पुढारी मेघदत्त श्रेष्ठी मनाने उदार, पण भारी घाईचा. पौर्णिमेचे स्नान चुकू नये म्हणून तो सर्वांना पुढे रेटत होता. सर्वांत मागे खेमा नावाची विणकरीण चाले. मुलगा मोठ्या दुखण्यातून उठला म्हणून ती नवस फेडायला आली होती.

पाचव्या दिवशी अनोमच्या मनात पाल चुकचुकली. खेमाची सातूच्या पिठाची पिशवी दोन दिवस तशीच भरलेली होती. ती वहाणेची वादी बांधी, सोडी आणि पुन्हा बांधी. थकवा असेल, असे त्याने स्वतःला समजावले, पण त्याचा घास घशाखाली उतरेना.

सहाव्या दिवशी ती हातभर रुंद वाटेवर झोकांड्या खाऊ लागली. डावीकडे खोल दरी होती. अनोमने तिला हात देऊन विचारले, "बाई, डोकं दुखतंय का?"

"नाही हो दादा, क्षेम आहे," ती हसून म्हणाली. मग इकडेतिकडे पाहत तिने विचारले, "घर आलं का?"

उंचीवरच्या विरळ हवेचे हे दुखणे अनोमने ओळखले. या दुखण्यावर खाली उतरणे हा एकच उपाय होता. त्याचा चुलता याच उंचीवर झोपला होता आणि पुन्हा उठला नव्हता. पण तिला एकट्याने खाली नेले, तर बाकीचे दहा जण बर्फावर वाटाड्याविना राहिले असते.

तो मेघदत्ताकडे गेला. "श्रेष्ठी, सगळ्यांनी माघारी फिरू या. त्या बाईंचा जीव धोक्यात आहे."

"ती तोंडानं म्हणाली का तसं?"

"नाही."

"मग तूच कशाला अपशकून करतोस? उद्या पौर्णिमा आहे. ती बघ समोर खिंड!" मेघदत्ताने काठी उचलून दाखवली, ती खिंडीच्या बरीच डावीकडे. अनोमचे लक्ष खेमाकडे होते.

पुढे दरड कोसळली आहे असे सांगून टाकावे, असे अनोमच्या मनात आले. पण बोधिसत्त्वाच्या तोंडून खोटे निघेना. तेव्हा मागच्यांना धरायला द्यायचा दोर खाली टाकून तो सर्वांसमोर उभा राहिला. नेम मोडणाऱ्या वाटाड्याला पुन्हा कोणी बोलावत नाही, हे त्याला ठाऊक होते.

तो म्हणाला, "मला भीती वाटते. कालपासून घास घशाखाली उतरत नाही. झालं, नेम मोडला! तुमचं पुण्य मी घालवलं. आता राखायला काही उरलं नाही, तेव्हा ज्याचं जे दुखतंय ते सांगून टाका."

मेघदत्ताने संतापून काठी उगारली. मग एक म्हातारा सोनार हळूच म्हणाला, "माझ्या पायाच्या बोटांना कालपासून काही कळत नाही." दुसऱ्याला उलट्या होत होत्या. खेमा रडू लागली. "डोकं फुटतंय हो दादा. पोराचं नाव आठवत नाही मला."

मेघदत्ताची काठी खाली आली. शेवटी तो म्हणाला, "मला काल दुपारपासून दिसत नाही. तुझा दोर धरून चालतोय."

ज्याच्या मागून आपण कड्यावरून चालत आलो, तो आंधळा होता हे कळल्यावर सगळे माघारी वळले. कोणी वाद घातला नाही. अनोमने खेमाला पाठीवर घेतले आणि तुकडी उतरू लागली. तिसऱ्या दिवशी देवदाराच्या रानात तिने मुलाचे नाव घेतले आणि खायला मागितले.

अकराही जण जिवंत घरी पोचले. तरी नगरात बोभाटा झाला की अनोमने पुण्य बुडवले. त्याला पुन्हा कोणी वाटाड्या म्हणून नेले नाही. त्याला त्याचे दुःख झाले, होणारच. पुढे त्याने मेंढ्या राखून आयुष्य काढले.

ही पूर्वजन्मीची कथा भिक्षुसंघाला सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, अंगात ताप असून 'बरा आहे' म्हणत चालणारा हा समोरचा भिक्षू उत्तिय तेव्हा खेमा होता. त्याला विसावा न देणारा हा ज्येष्ठ भिक्षू, भद्दक स्थविर, तेव्हा मेघदत्त होता. वाटाड्या अनोम मीच होतो. आपली भीती चारचौघांत कबूल करणे आणि त्याने दुसऱ्याचा जीव वाचणे, हीसुद्धा सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता, आहे."

हे ऐकून उत्तिय म्हणाला, "भंते, मला उभं राहवत नाही." भद्दकाने आपले चीवर जमिनीवर अंथरले आणि त्याला त्यावर निजवले.