सात नावांची हाक

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका, कारण ज्या म्हातारीनं मला ती सांगितली तिलाही ते ठाऊक नव्हतं. एका रुंद नदीच्या काठी एक लहानसं गाव होतं, आणि त्या गावाची एक मोठी गोड रीत होती.

दिवेलागण झाली, की प्रत्येक घराच्या उंबऱ्यावर कोणीतरी येऊन उभं राही आणि घरच्या पोरांना नावानं हाक मारी. पोरं गावच्या चिंचेखाली असोत, खळ्यावर असोत नाहीतर नदीच्या वाळूत. हाक आली की तिथूनच 'ओ' द्यायची आणि घराकडं पळत सुटायचं. सगळ्या नावांना 'ओ' आल्याशिवाय त्या घरात ताट वाढलं जात नसे. एखाद्या आईला पाच पोरं असली तर ती पाचही नावं घेई, मग त्यातलं एखादं तिचा पदर धरूनच का उभं असेना. तेही पोर शहाण्यासारखं 'ओ' म्हणे.

परगावच्या पाहुण्यांना याचं हसू यायचं. हसेनात का बापडे! पण ज्यांनी ती हाक लहानपणी ऐकली, ते म्हातारे झाले तरी तिन्हीसांजेला त्यांचे कान उगीच दाराकडं लागत. मला हे माहीत आहे, कारण मला गोष्ट सांगणारी म्हातारी इथपर्यंत आली की दाराकडं बघायची.

साऱ्या गावात एकाच पोराला ती वेळ नकोशी वाटे. तो म्हणजे लोहाराचा सुभान. वय तेरा, अंगानं दणकट, पोहण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. दोन वर्षांपूर्वी तापानं त्याची आई गेली. बाप पहिल्यापासूनच अबोल. बायको गेल्यावर तर तो भात्याशी आणि ऐरणीशीच काय बोलेल ते. संध्याकाळी तो भाकरी थापी, पोराचं ताट झाकून ठेवी आणि भिंतीला टेकून बसे. उंबऱ्यावर येऊन हाक मारणं हे बायकोचं काम, असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

आई गेल्यावर पहिले काही दिवस सुभान चिंचेखाली बसून राहिला. एकेक नाव येई, एकेक पोर उठून जाई, आणि शेवटी तो एकटा उरे. मग त्यानं चिंचेखाली बसणं सोडलं. दिवेलागणीला तो नदीवर जाई आणि पाण्यात बुडी मारून राही. पाण्यात हाका ऐकू येत नाहीत.

आता नदीच्या मधोमध एक बेट होतं आणि बेटावर बोरीचं दाट रान होतं. सुगी संपली, थंडी पडली, की गावची पोरं होडीतून तिथं बोरं वेचायला जात. नावाडी सकाळी सोडी आणि उन्हं कलली की घ्यायला येई. त्या वर्षी सात पोरं गेली. कुंभाराची म्हाळसा सगळ्यांत थोरली, चौदा वर्षांची. तिच्या खालोखाल सुभान. मग तेल्याची जुळी पोरं भिका आणि धर्मा, गुरवाचा शिदू, विणकराची येसू, आणि टोपल्या विणणाऱ्या विधवेचा एकुलता एक कुशा. कुशा सहा वर्षांचा. सुभान जाईल तिकडं तो शेपटासारखा मागं असायचा, आणि सुभानलाही ते मनातून आवडायचं.

त्याच दुपारी वरच्या डोंगरात अवकाळी पाऊस कोसळला. गावात ऊन आणि नदीला मात्र लाल पाणी. बघता बघता पात्र दुथडी भरलं. गावाची एकुलती एक होडी दावं तोडून वाहून गेली, आणि पोरं बेटावर अडकली. पाण्याचा आवाज असा, की शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागे.

पहिल्या संध्याकाळी लहानगी रडायला लागली. म्हाळसानं आपले डोळे पुसले, ती एका दगडावर उभी राहिली आणि गावात मारतात तशी लांबवून एकेकाला हाक मारली. सात नावं, स्वतःचंही घेतलं आणि स्वतःच 'ओ' दिली. त्यावर येसू रडता रडता हसली. मग म्हाळसानं बोरांचे आणि उंबरांचे सात वाटे केले. सुभानच्या कमरेला बापाची चकमक होती, त्यानं जाळ केला. सुभानला हाक आली तेव्हा त्यानं नुसता हात वर केला. दोन वर्षांत त्या वेळी त्याचं नाव कोणी घेतलं नव्हतं, आणि म्हाळसाच्या तोंडून ते ऐकून त्याला बरं वाटायचं सोडून आतून कुठंतरी चरचरलं.

चार दिवस असेच गेले. सुभान आणि पोरं डबक्यातले मासे पकडत, मुली कंद खणत, संध्याकाळी नावं होत आणि सात वाटे पडत. पाचव्या संध्याकाळी म्हाळसा दगडावर चढली तसा सुभान उठून म्हणाला, "पुरं झालं तुझं. हितं कुणाची आय बसलीया ओ ऐकायला?"

सुभानला जोर आला. त्यानं सांगितलं की जाळ माझा आहे, मासे आम्ही पकडतो, तेव्हा यापुढं वाटे मी करणार आणि हाकाबिका काही नाही. गावातली नावं गावात राहिली. मी लांडगा, भिका आणि धर्मा कोल्हे, शिदू तरस. पोरांना ही मोठीच गंमत वाटली. त्यांनी तोंडाला लाल चिखल फासला आणि बोरीच्या काठ्यांना चकमकीच्या पात्यानं टोकं केली. म्हाळसा येसूला घेऊन बेटाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन राहिली. कुशा मात्र सुभानच्या मागंच राहिला.

खरं सांगायचं तर सुभानला ते दोन दिवस फार सुखाचे वाटले. संध्याकाळ झाली तरी आता काही टोचत नव्हतं. लांडग्याला कुठली आई आणि कुठला उंबरा! पोटभर मासा खायचा, आरोळी ठोकायची आणि जाळाजवळ आडवं व्हायचं.

सातव्या दिवशी कुशा त्याच्यापाशी आला आणि म्हणाला की मलाही नाव दे. सुभान हसत म्हणाला, "तू ससा." कुशाला आनंद झाला. पण रानात लांडगा आणि ससा समोरासमोर आले की पुढं काय होतं, ते पोरांना सांगावं लागलं नाही. भिकानं आरोळी दिली, शिदूनं काठी उचलली आणि ससा पुढं, चौघं मागं अशी पळापळ सुरू झाली. आधी कुशाही हसत होता. एक काठी त्याच्या कानाजवळून गेली, तेव्हा त्याचं हसू थांबलं. त्यानं वळून पाहिलं. चिखलाच्या त्या तोंडात त्याला सुभानदादा कुठं दिसेना. कुशा झुडपात शिरला तो नाहीसाच झाला. पोरांनी थोडं धुंडाळलं, मग त्यांना भूक लागली आणि ती परतली.

त्या संध्याकाळी नावं झाली असती, तर सातव्या नावाला 'ओ' आली नाही हे लगेच कळलं असतं. पण नावं बंद होती. सुभानला वाटलं कुशा म्हाळसाकडं गेला असेल. म्हाळसाला वाटलं तो सुभानपाशी असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी म्हाळसा विस्तव न्यायला आली आणि तिनं सहज विचारलं, "कुशा कुटं हाय?"

सुभान ताडकन उठला. सगळे शोधायला धावले. पोरं "सशा, ए सशा" म्हणून ओरडत होती, म्हाळसा आणि येसू नाव घेऊन हाका मारत होत्या, पण 'ओ' काही आली नाही. पूर उतरायला लागला होता, आणि उतरत्या पाण्याबरोबर बेटाच्या दरडी खचून खचून पडत होत्या. प्रत्येक धपकन आवाजाला सुभान तिकडं धावे. टोपल्या विणणाऱ्या त्या बाईला तोंड कसं दाखवायचं, हा एकच विचार त्याच्या डोक्यात घुमत होता. उन्हं कलली. तो जाळापाशी येऊन मटकन बसला.

म्हाळसा त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. त्याला वाटलं आता ही शिव्या घालील, आणि घातल्या असत्या तर त्याला हलकंच वाटलं असतं. पण ती एवढंच म्हणाली, "आधी तोंड धू. मग नावं घे. सगळी घे, आन् तूच घे."

सुभान नदीवर गेला. लाल चिखल वाळून कातड्याला घट्ट बसला होता, घासून घासून काढावा लागला. त्याचं बघून बाकीच्या तिघांनीही तोंडं धुतली. मग तो दगडावर चढला. काठ्या पोरांनी आपणहून खाली टाकल्या.

"म्हाळसाऽऽ," त्यानं हाक मारली. तिनं 'ओ' दिली. "भिकाऽऽ." ओ. "धर्माऽऽ." ओ. शिदू. येसू. त्यांनीही दिली. "कुशाऽऽ."

काही नाही. सुभाननं पुन्हा हाक मारली, त्याचा आवाज मधेच फाटला. तरीही काही नाही. तो दगडावरून उतरायला लागला.

"थांब," म्हाळसा म्हणाली. "एक नाव राह्यलंय." आणि उंबऱ्यावर उभी राहून मारावी तशी लांब, ओळखीची हाक तिनं मारली, "सुभानाऽऽ."

पाण्यात बुडी मारायला तिथं जागा नव्हती. सुभान उभाच राहिला. दोन वर्षांचं सगळं त्याच्या छातीत वर आलं, आणि शेवटी रडता रडता त्यानं 'ओ' दिली. ती लहान पोराची 'ओ' होती, आईच्या हाकेला देतात तशी.

तेव्हा पाण्याकाठच्या म्हाताऱ्या उंबराच्या मुळांखालून आणखी एक बारीक 'ओ' आली.

सुभान धावला. मुळांच्या पोकळीत कुशा अंग चोरून बसला होता आणि पोकळीखालची माती पाण्यानं निम्मी खाल्ली होती. सुभाननं पालथं पडून त्याला दंडाला धरून वर ओढलं. पोरं दहा पावलं मागं आली असतील नसतील, तोच मुळांसकट ती दरड नदीत गेली.

कुशाला जाळापाशी बसवलं, बोरं दिली. इतक्या हाका मारल्या तर ओ का दिली नाहीस, असं येसूनं त्याला विचारलं. तो म्हणाला, "मला वाटलं शिकार चाललीया अजून." मग सुभानकडं बोट दाखवून म्हणाला, "ह्यानं ओ दिली तवा कळलं, दादा घरी आला."

सुभाननं त्याला पोटाशी धरलं आणि तो हमसून हमसून रडला. त्याला कोणी गप्प केलं नाही.

अंधारून येत होतं. आठ दिवस गर्जणारी नदी त्या संध्याकाळी पहिल्यांदाच खालच्या आवाजात बोलत होती. आणि म्हणून पोरांना पलीकडच्या काठावरून काहीतरी ऐकू आलं. भिकानं मान वर केली. मग सगळ्यांनीच केली.

हाका येत होत्या. पलीकडं पाण्याच्या कडेला सारा गाव उभा होता आणि एकेका घरातलं माणूस एकेक नाव घेत होतं. म्हाळसाऽऽ. भिकाऽऽ, धर्माऽऽ. आठ दिवस रोज दिवेलागणीला ती माणसं तिथं येऊन उभी राहत होती; पाण्याच्या आवाजात एकही हाक पोहोचत नव्हती, तरी रोज मारत होती. इकडं पोरं जी रीत तीन दिवस मोडून बसली होती, ती तिकडं एकदाही चुकली नव्हती. पोरं धावत काठावर गेली आणि आपापल्या नावाला जिवाच्या आकांतानं 'ओ' देऊ लागली. कुशाच्या आईचा आवाज रडण्यातच बुडून गेला.

सुभान मागंच उभा होता. त्याची काही अपेक्षा नव्हती. तेवढ्यात सगळ्यांच्या शेवटी एक घोगरा, पुरुषी आवाज आला. हाक कशी लांबवायची ते त्या आवाजाला माहीत नव्हतं. घणाचा घाव घालावा तशी ती तुटक पडली. "सुभाना."

दुसऱ्या दिवशी सकाळी नवी होडी आली. गावच्या सुतारानं आठ दिवस खपून ती जोडली होती आणि तिचा खिळा न् खिळा लोहारानं घडवला होता. लोहार स्वतः होडीत होता. रोज हाका मारून त्याचा घसा पार बसला होता. त्यानं पोराच्या डोक्यावर हात ठेवला आणि घरी पोहोचेपर्यंत काढला नाही.

त्या दिवसापासून लोहाराच्या उंबऱ्यावर रोज हाक होऊ लागली. पुढं बाप थकला, मग गेला. सुभान लोहार झाला, त्याचे केस पिकले. तरी दिवेलागणीला तो हातातला घण खाली ठेवून उंबऱ्यावर येई आणि आधी आपल्या पोरांची नावं घेई. मग गावात ज्या ज्या पोराला हाक मारायला कोणी उरलेलं नसे, त्याचंही नाव घेई आणि 'ओ' येईपर्यंत तिथून हलत नसे. त्या गावातलं एकही पोर पुन्हा चिंचेखाली एकटं बसून राहिलं नाही.

पुढं नदीनं पात्र बदललं आणि ते गावही उठून गेलं. चिंच तेवढी आहे म्हणतात. मला गोष्ट सांगणारी म्हातारी तिच्याच सावलीत खेळून मोठी झाली होती, आणि लहानपणीच पोरकी झाली होती. तिचं नाव रोज कोण घेत असे, ते तुम्ही ओळखलंच असेल.

तात्पर्य: ज्याला नावानं हाक मारणारं कोणी असतं तो रानातही माणूस राहतो, म्हणून ज्याला कोणी हाक मारत नाही त्याला आपण मारावी.