निवळगडाचं भगदाड

तो दरवाजा ढकलू नका, पाव्हणं. साडेतीनशे वर्षांत कुणालाच उघडला नाही. गडात शिरायचं ते शेजारच्या या भगदाडातून, एकेकानं, कंबरेत वाकून.

असं सांगतात, गडाला वेढा पडून महिना झाला होता. खालच्या सात वाड्यांची बायकापोरं वर आसऱ्याला आलेली. दारावरचा रावजी नाईक तापानं पडला, म्हणून किल्ली त्याच्या बायकोच्या, धोंडाईच्या कमरेला. किल्लेदार अंबाजीरावांनी परस्पर तह ठरवला. ते स्वतः सामानासकट सुटणार, बाकीचे सगळे शत्रूचे गुलाम. धोंडाईच्या दोन लेकी त्या बाकीच्यांतच होत्या.

"धोंडे, किल्ली आण."

"टाक्यात पडली."

"कधी?"

"आत्ता," असं म्हणून तिनं ती टाक्यात सोडली.

किल्लेदार तटावरून ओरडले म्हणे, "शरण यायचंय, पण किल्ली सापडत नाही!" खालच्या सरदाराला वाटलं, टिंगल चाललीय. त्यानं दरवाजावर तोफ डागली. गोळा दरवाजा सोडून भिंतीला लागला आणि हे भगदाड पडलं.

धोंडाई मुसळ घेऊन आतल्या अंगाला उभी राहिली. भात कांडायची सवय जुनी. पहिलं पागोटं आत आलं तशी ती म्हणाली, "जपून रे बाबा, डोक्याला लागेल."

लागलं. दुसऱ्यालाही लागलं. लेकी पाय धरून ओढायच्या, तह तर गोळ्यासरशी बुडालेला, म्हणून किल्लेदारही निमूट बांधायचे. बाहेर सरदाराला वाटे, गेलेला एकही माघारी येत नाही, म्हणजे गड आपलाच होतोय. तो आणखी माणसं पाठवी. दुपार कलेपर्यंत आत पाय ठेवायला जागा उरली नाही. शेवटी गड ताब्यात घ्यायला सरदार स्वतः आला, मिशीला पीळ भरत. आणि वाकला.

सरदाराविना फौज दिवस मावळायच्या आत निघून गेली. सात वाड्यांतलं एक पोरसुद्धा गुलामीत गेलं नाही.

आजही नवा माणूस आत आला, की नाइकांची सून त्याच्या पाठीला मुसळ टेकवते, मगच गूळ-पाणी देते. मागे एक बडे साहेब आले. म्हणाले, मी कुणापुढं वाकत नाही. गाव म्हणालं, बरं. साहेब दिवसभर बाहेरच बसले. जेवणाचं ताट तेवढं गावानं आतून सरकवलं.