सटवाच्या नावाआधी झील नाही

कातरगडाच्या पायथ्याला आमच्या गावात पोवाडा सुरू होतो, तेव्हा शाहिराच्या मागे 'जी जी'ची झील धरणारे झीलकरी तोंड मिटून उभे असतात. पाहुण्यांना वाटतं, हे विसरले बहुतेक. विसरत कोणी नाही. महाकाव्याचा नायक थोर कुळातलाच हवा, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं. ते लिहिणाऱ्यांनी एकदा इथं येऊन ऐकावं.

गड सर झाल्यावर सरदार हैबतरावांनी, म्हणे, निंबा शाहिराला सांगितलं, सात पिढ्या गातील असा पोवाडा रच. भर दुपारी सदरेसमोर निंबा उभा राहिला. हैबतरावांची तलवार झाली, घोडा झाला, घोड्याची आयाळसुद्धा झाली. मग चाळीस वीर कडा चढून गेले.

तेवढ्यात गर्दीतून पारू उठली. दोर वळणाऱ्या सटवाची विधवा.

"चाळीस जण वर गेले म्हणता, शाहीर. घारीनं उचलून नेले का?"

लोक हसले. निंबा म्हणाला, "बाई, थोरामोठ्यांचं काव्य आहे. सगळ्यांची नावं कशी बसतील?"

"घोडा बसला की!"

आता कुणी हसलं नाही. कारण सगळ्यांना ठाऊक होतं. कड्याच्या माथ्यावर खडक भुसभुशीत, मेख ठरेना. आधी चढून गेलेल्या सटवानं दोर स्वतःच्याच कमरेला बांधला आणि कपारीत पाय रोवले. चाळिसावा माणूस वर पोचला तेव्हा सटवाचा श्वास थांबला होता. पाय तसेच रोवलेले होते, असं सांगतात.

"पुढं गा!" हैबतराव गरजले.

निंबानं डफावर थाप मारली, ओळ म्हटली आणि थांबला. मागून 'जी जी' येईना. पुन्हा थाप, पुन्हा शांतता. झील नाही तर पोवाडा सरकत नाही.

झीलकरी राघू पुढं झाला. "सरकार, मान कापा. पण हा गळा त्याच दोरानं वर आलाय."

हैबतरावांनी कमरेची तलवार सोडून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "शाहीर, पहिल्यापासून घ्या."

निंबानं उभ्या उभ्या कडवं बांधलं. सटवाचं नाव आलं आणि झील अशी उठली की म्हणे कड्यावरची पाखरं उडाली.

पारू खाली बसली. "हां. आता सांगा लढाई."

तो शिरस्ता अजून मोडलेला नाही. शाहीर कुठलाही असो, झीलकरी आमच्याच गावचे. गेल्या साली शहरातल्या एका नामांकित शाहिरानं थेट तलवारीपासून सुरुवात केली. झीलकरी ढिम्म. तो घाम पुसत राहिला. शेवटी पुढच्या रांगेतून एक म्हातारा ओरडला, "अहो, सटवा घ्या आधी, सटवा!"

तो म्हातारा हैबतरावांच्या घराण्यातला होता.