एकवाढीचं पान

“मग साखर उतरत का नाही, माई?”

मनोरमाबाईंनी प्रश्न विचारला खरा, पण त्यात विचारण्यापेक्षा गाऱ्हाणंच जास्त होतं. देवाविरुद्ध थोडं, डॉक्टरांविरुद्ध बरंच.

माई तांदूळ निवडत होत्या. नदीकाठच्या त्या लहानशा मठात माईंना उंच आसनावर बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. आलेल्याने सुपासमोर बसायचं आणि विचारायचं.

“काय म्हणतात डॉक्टर?”

“मोतीबिंदू पिकलाय म्हणतात. पण साखर खाली आल्याशिवाय डोळ्याला हात लावणार नाहीत. दोनदा परत पाठवलं. पोथीची अक्षरं आता मुंग्यांसारखी दिसतात, माई. काल तर गणपतीचं गंध बाळकृष्णाला लावलं.”

“त्याला चाललं असेल.”

मनोरमाबाईंना हसू आलं नाही.

“माझं कुठे चुकतंय ते सांगा. सोमवार करते, चतुर्थी करते. पहाटे ध्यानाला बसते, मन जराही हलत नाही. आणि या चातुर्मासात एकवाढी धरलीय. पानात एकदा वाढलं ते वाढलं. दुसऱ्यांदा घेणं नाही. मीठसुद्धा नाही.”

शेवटचं त्या जरा मान ताठ करूनच म्हणाल्या.

“ध्यानात मन हलत नाही,” माई म्हणाल्या. “आणि पानावर?”

“पानावर कसलं ध्यान? पानावर जेवायचं.”

माईंनी एक खडा उचलून बाजूला टाकला.

“जेवूनच जा आज.”

दुपारी केळीचं पान मांडलं. मठाचा स्वयंपाक बघणाऱ्या चंद्राक्का वाढायला आल्या.

“सगळं आत्ताच वाढा हो,” मनोरमाबाईंनी बजावलं. “एकवाढी आहे मला.”

चंद्राक्कांनी भात वाढला.

“अजून.”

वाढला.

“अजून थोडा. मग मिळायचा नाही.”

भाताला आळं करून वरण ओतलं. दोडक्याची भाजी भाताला टेकली, काकडीची कोशिंबीर भाजीवर चढली. गव्हाच्या खिरीची वाटी काठोकाठ भरली, आणि ती हिंदकळू नये म्हणून पोळ्यांची चवड तिला टेकू म्हणून लावली.

“बाई, हे पान आहे की गोवर्धन?” चंद्राक्का म्हणाल्या. “करंगळी पुरायची नाही याला.”

“नेमाचं आहे. तुम्हाला नाही कळायचं.”

एवढ्यात माई आल्या. त्यांनी पान पाहिलं. मग ओंजळ पुढे केली.

“दे.”

“काय देऊ?”

“नेम. जेवण होईपर्यंत माझ्याकडे ठेव.”

“चातुर्मासात नेम मोडू, माई?”

“मोड नाही म्हटलं. ठेव म्हटलं. दोष लागला तर माझ्या नावावर.”

लग्न झाल्यापासून एकही नेम मनोरमाबाईंनी अर्ध्यावर टाकलेला नव्हता. थंडीतापातसुद्धा नाही. पण समोर माई होत्या. त्यांनी पळीभर पाणी माईंच्या ओंजळीत सोडलं.

माईंनी ते पाणी डोळ्यांना लावलं. मग म्हणाल्या, “चंद्राक्का, पानातलं सगळं परत भांड्यांत घाला. अजून उष्टं झालेलं नाही.”

पान रिकामं झालं.

“आता कितीही वेळा माग,” माई म्हणाल्या. “शंभरदा माग. एका वेळी एक घास वाढीन. तो पुरता खाली उतरू दे, एक श्वास घे, आणि मग माग.”

डावाच्या टोकावर मावेल एवढा वरणभात पानात पडला. मनोरमाबाईंनी तो गिळला, श्वास घेतला.

“वाढा.”

“कोण मागतंय?”

“मीच की.”

“तुझ्यातलं कोण?”

मनोरमाबाईंनी डोळे मिटले. असा प्रश्न ध्यानातही कुणी विचारला नव्हता.

“…पोट.”

माईंनी वाढलं. पुन्हा पोट. पुन्हा वाढलं. घासामागून घास गेले. मध्येच मनोरमाबाई थबकल्या.

“या भाजीत तीळ आहेत का हो?”

“दर गुरुवारी असतात,” चंद्राक्का म्हणाल्या. “आणि दर गुरुवारी तुम्ही जेवता.”

“वाढा, माई.”

“कोण मागतंय?”

“जीभ,” त्या ओशाळून म्हणाल्या.

माईंनी भाजी वाढली. जिभेलाही नाही म्हटलं नाही.

पुढचा घास उतरला. मनोरमाबाईंचा हात आपणहून पुढे झाला.

“कोण मागतंय?”

पोट निवांत होतं. जीभ निवांत होती. हात मात्र पुढेच होता…



“माई,” मनोरमाबाई हळू आवाजात म्हणाल्या, “ही नवी सून आहे हो कुणीतरी. हिरव्या लुगड्यातली. सगळ्यांची पंगत उठली की आम्ही जावा-जावा बसायचो. भात एकदा यायचा. दुसऱ्यांदा मागावा, तोवर पातेलं विसळून पालथं घातलेलं असायचं. ती मागतेय. तिला वाटतंय, मग मिळायचा नाही.”

माई आत गेल्या, भाताचं पातेलं दोन्ही हातांनी उचलून आणलं आणि मनोरमाबाईंच्या पानाला लागून ठेवलं. झाकण काढलं.

“अहो माई,” चंद्राक्का कळवळून म्हणाल्या, “साखरेच्या बाईपुढे पातेलं?”

“राहू दे.”

वाफ वर येत होती. मनोरमाबाई बघत राहिल्या. डोळ्यांना सारं धूसरच दिसत होतं, पण भाताचा पांढरा ढीग कळत होता. त्यांनी डावा हात लांबवून पातेल्याच्या कडेला बोट लावलं. ऊन होतं.

ते बोट तिथेच राहिलं… मग मांडीवर परत आलं.

“पुरे,” त्या म्हणाल्या.

आणि स्वतःच दचकल्या. पानात आलेलं टाकायचं नाही, म्हणून संपवायचं. या एका शब्दाची गरज त्यांच्या एवढ्या नेमांत कधी पडलीच नव्हती.

“खीर?” चंद्राक्कांनी विचारलं.

मनोरमाबाईंनी डोळे मिटले. एक श्वास घेतला.

“कुणी मागत नाहीये.”

माई प्रसन्न हसल्या. “घे तुझा नेम परत. आता तुला पेलेल.”

मनोरमाबाई हात धुऊन आल्या. चालण्यात सकाळपेक्षा हलकेपणा होता. साखर उतरेल, डोळा उघडेल, पोथी पुन्हा मांडीवर येईल, याबद्दल त्यांच्या मनात आता किंतु उरला नव्हता. एकच अडचण होती.

“पण घरी, माई? घरी माझ्या पानाजवळ असं विचारायला कोण उभं राहणार?”

माईंनी भिंतीशी ठेवलेलं एक कोरं पान घेतलं, स्वतःपुढे मांडलं, त्यावर पाणी शिंपडलं. मग भाताचा डाव उचलून मनोरमाबाईंच्या हातात दिला.

“मला वाढ,” माई म्हणाल्या. “आणि विचार.”